मशीन थांबवायचं कोणी? (जिनिंगमधला अपघात, सल्ला हवा)

धरणगावकडचा | ८ जानेवारी, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. वाचतो रोज, लिहितोय पहिल्यांदाच. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मी एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये (कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी दाबायचा कारखाना) सुपरवायझर आहे. चोवीस डबल रोलर जिन, एक प्रेस, हंगामात साठ-पासष्ट माणसं, त्यात निम्म्या बाया. मागच्या गुरुवारी रात्रपाळीत दव खाल्लेला कापूस आला होता. ज्यांनी काम केलंय त्यांना माहीत आहे, ओला कापूस म्हणजे डोक्याला ताप. दर दहा मिनिटांनी जिन तुंबते. सातपुड्यातून आलेला एक पोरगा आहे आमच्याकडे, तिशीचा. त्यानं चालू मशीनमध्ये हात घालून अडकलेला बोळा ओढायला गेला आणि उजव्या हाताची दोन बोटं गेली. तर्जनी आणि मधलं.

आता खरं सांगतो. प्रत्येक जिनला वेगळी मोटर आहे, बंद करता येते. पण सगळे स्टार्टर एकाच पॅनलवर, भिंतीला, चाळीस फुटांवर. मधे कापसाचा ढीग. जाऊन बंद करा, परत या, बोळा काढा, परत जाऊन चालू करा. एका वेळेला चार मिनिटं. त्यात दोनच दिवस आधी मी त्याच पोराला झापलं होतं, "तुझीच जिन सारखी बंद का दिसते रे?" हे वाक्य गेले सहा दिवस माझ्या कानात वाजतंय.

आमच्या फिटरचं एक ठरलेलं उत्तर असतं, "काही व्हत नही भो." वीस वर्षं तो चालू मशीनमध्ये हात घालतोय आणि त्याचं काही झालेलं नाही, हेही खरं.

शेठ म्हणतात, रिपोर्टमध्ये "कामगाराच्या निष्काळजीपणामुळे" असं लिही. पोरगा मुकादमामार्फत आलेला, म्हणून आपला थेट संबंध नाही, असंही म्हणतात. मी अजून लिहिलेलं नाही. दवाखान्याचं बिल सध्या शेठनीच भरलंय, ते कबूल केलं पाहिजे.

काय लिहू? पोराला काय मिळू शकतं? आणि पुढच्या रात्रपाळीला हे परत होऊ नये म्हणून, कमी पैशात, काय करता येईल?

---

पाटणादेवी_डॉक्टर | ९ जानेवारी, सकाळी ७.१५

आधी एक विचारते. तुटलेली बोटं दवाखान्यात कशी नेली?

---

धरणगावकडचा | ९ जानेवारी, सकाळी ७.५०

ताई, रुईतून शोधायलाच अर्धा तास गेला. मग कोणीतरी बर्फाच्या डब्यात टाकून आणली. डॉक्टर म्हणाले उपयोग नाही.

---

पाटणादेवी_डॉक्टर | ९ जानेवारी, सकाळी ८.३०

रोलरमध्ये चिरडलेलं बोट तसंही जुळणं अवघड असतं, त्यामुळे स्वतःला फार खाऊ नका. पण बर्फात थेट टाकलं की पेशी गोठून मरतात, मग स्वच्छ कापलेलं बोटसुद्धा जुळत नाही. पद्धत अशी: बोट स्वच्छ ओल्या कपड्यात किंवा गॉजमध्ये गुंडाळायचं, कोरड्या प्लास्टिक पिशवीत घालून तोंड घट्ट बांधायचं, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवायची. बोटाला बर्फ लागता कामा नये. असं थंड ठेवलं तर जास्त वेळ हातात असतो, नुसतं ठेवलं तर बराच कमी. जखमेवर दाबून धरायचं, हात उंच. हळद, चहापत्ती, डिझेल यातलं काही लावायचं नाही. हो, डिझेल लावून आलेला पेशंट मी पाहिलाय.

हे एका कागदावर लिहून प्रथमोपचार पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा. पेटीत सध्या काय आहे ते आज उघडून बघा. मी पैज लावते, एक्स्पायरी झालेलं आयोडीन आणि कोणाचा तरी मोबाइल चार्जर.

---

धरणगावकडचा | ९ जानेवारी, सकाळी ९.०५

चार्जर नाही. तंबाखूची पुडी निघाली.

---

धुळे_कोर्टकचेरी | ९ जानेवारी, दुपारी १.२०

रिपोर्टचं आधी. "निष्काळजीपणा" लिहून शेठ वाचतील हा गैरसमज आहे. कामगार भरपाईच्या कायद्यात (मूळ १९२३ चा, आता तो सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, २१ नोव्हेंबर २०२५ पासून) कामगाराची साधी चूक हा मालकाचा बचावच नाही. बचाव तीनच: दारू किंवा नशेत होता, सुरक्षेसाठी दिलेला स्पष्ट हुकूम जाणूनबुजून मोडला, किंवा लावलेलं गार्ड (मशीनवरचं सुरक्षेचं झाकण) त्यानं मुद्दाम काढलं. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर हे तीनही चालत नाहीत. आता मला सांगा, तुमच्या जिनला गार्ड होतं का? "मशीन बंद करूनच हात घाला" असा हुकूम कुठे लिहिलेला होता का? उलट हुकूम तर तुम्हीच दिला होता, तोंडी.

मुकादमाचं: मूळ मालकाकडूनच भरपाई मागता येते. मालकानं नंतर मुकादमाकडून वसूल करावी. मजुराला त्यांच्या भांडणाशी घेणंदेणं नाही.

ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा)? जिनिंगला नाही. बऱ्याच जणांना हे माहीत नसतं. कापूस जिनिंग आणि प्रेसिंग हे कायद्यानं "हंगामी कारखाने" आहेत, साखर आणि चहासारखे, आणि हंगामी कारखाने ईएसआयमधून वगळलेले आहेत. म्हणजे सगळा भार मालकावर. म्हणून शहाणा मालक विमा काढतो.

आकडा: एका हाताची दोन बोटं पूर्ण गेली तर तक्त्यात २० टक्के अपंगत्व. पगार १२,००० आणि वय ३० धरू. पगाराचे ६० टक्के ७,२००, त्याला वयाचा गुणक २०७.९८, होतात १४,९७,४५६. त्याचे २० टक्के म्हणजे २,९९,४९१ रुपये. दवाखान्याचा खरा खर्च वेगळा. महिन्यात दिले नाहीत तर १२ टक्के व्याज. बोटाचं पेरंच गेलं असेल तर टक्के बदलतात, त्यामुळे डॉक्टरचा दाखला नीट घ्या.

रिपोर्टमध्ये फक्त घडलं ते लिहा: वेळ, मशीन नंबर, काय करत होता, गार्ड होतं की नव्हतं, स्टार्टर किती अंतरावर. मत लिहू नका, ना त्याच्याविरुद्ध, ना शेठविरुद्ध. आणि पाठवा. ४८ तासांहून जास्त कामावर येऊ न शकणारा अपघात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला कळवावाच लागतो.

---

डाळमिलवाला | ९ जानेवारी, दुपारी ४.००

मी मालक आहे, अठरा माणसं. वकील साहेबांचं बरोबर असेल, पण गार्डची एक बाजू ऐका. माझ्याकडे एलेव्हेटरच्या पट्ट्याला गार्ड होतं, चांगलं जाड पत्र्याचं, सहा नटबोल्टचं. दर दोन दिवसांनी पट्टा सरकतो. गार्ड उघडायला पंधरा मिनिटं, लावायला पंधरा. तिसऱ्यांदा माझ्याच फिटरनं ते काढून भिंतीला टेकवून ठेवलं आणि त्यावर डबा खायला बसू लागला. मी ओरडलो. परत लावलं. परत निघालं.

शेवटी एमआयडीसीतल्या वेल्डिंगवाल्याकडून बिजागरी लावून घेतली, आणि दाराला लिमिट स्विच. दार उघडलं की मोटर बंद. अडीच हजारात काम झालं. तेव्हापासून गार्ड जागेवर. कामगाराला जे करायला अर्धा तास लागतो ते तो करणार नाही. मीही करणार नाही.

बाकी मजूर ऐकत नाहीत, हेही आहेच. हेल्मेट दिलं तर त्यात भाजी आणतात.

---

भुसावळ_लोको | ९ जानेवारी, रात्री ९.३०

रेल्वेत ३४ वर्षं काढली, इलेक्ट्रिकल साइड. आता निवृत्त, त्यामुळे लांबण लावतो, सहन करा.

आमच्या डोक्यावर २५ हजार व्होल्टची तार. तिच्याखाली कोणीही "काही व्हत नही" म्हणत नाही, कारण जो म्हणाला असता त्याचं दुसरं वाक्य ऐकायला मिळालं नसतं. काम करायचं तर आधी पॉवर ब्लॉक, म्हणजे तारेचा सप्लाय बंद. कंट्रोलरकडून लेखी परवाना. मग काम करायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना अर्थिंगचे दांडे अडकवायचे, म्हणजे चुकून कोणी सप्लाय दिलाच, तरी तो जमिनीत जाईल. माझ्या पहिल्या सिनिअरनं मला सांगितलं होतं, तार बंद आहे असं कोणी सांगितलं तर मान हलवायची, आणि दांडा टाकायचा.

धरणगावकर दादा, तुमच्याकडे खरा धोका दुसरा आहे. समजा पोरानं जाऊन स्टार्टर बंद केला. परत येऊन हात घातला. तेवढ्यात दुसऱ्या कोणाला वाटलं, अरे सात नंबर बंद का? आणि त्यानं बटण दाबलं. हे फार होतं. यावर उपाय कुलूप. साधं कुलूप. जो हात घालणार, त्यानं मेन स्विचचा दांडा खाली करून त्याला स्वतःचं कुलूप घालायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात. एक माणूस, एक कुलूप, एक किल्ली. डुप्लिकेट किल्ली ऑफिसात ठेवायची नाही, कारण घाईत असलेला माणूस पहिल्यांदा तीच मागतो. दोघं काम करत असतील तर दोन कुलपं.

आणि स्टार्टर चाळीस फुटांवर कशाला? प्रत्येक जिनपाशी एक लाल थांबा-बटण द्या, तळहाताएवढं, दाबलं की दबलेलंच राहील असं. चालू मात्र पॅनलवरूनच व्हावं. थांबवणं सोपं, चालू करणं अवघड. आमच्याकडे सगळी रचना अशीच होती. तुमच्याकडे ती उलटी आहे.

---

तापीकाठची | १० जानेवारी, दुपारी १२.१०

माझी आई अठरा हंगाम जिनिंगला गेली. बोटांचं सगळे बोलतात, कारण रक्त दिसतं. आईची सगळी बोटं शाबूत आहेत. छाती गेली.

रविवारी सुट्टी असायची. सोमवारी कामावरून आली की तिला बोलवत नसायचं. मंगळवारी बरं. आम्हाला वाटायचं रविवारी धुणं-भांडी जास्त होतं म्हणून दमते. कोणी कधी सांगितलं नाही की हा कापसाच्या धुळीचा आजार आहे. नाकाला पदर, तोच पदर भाकरी बांधायला.

पदरावरून आठवलं. तिच्याबरोबरच्या एका मावशीचा पदर पट्ट्यात गेला होता. चोळी फाटली म्हणून वाचली. त्या दिवसापासून सगळ्या जणी साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालायला लागल्या, गुंड्या लावून. मालकानं दिलेला नाही. आपापला.

---

पाटणादेवी_डॉक्टर | १० जानेवारी, दुपारी २.४५

ताई, तुमच्या आईला जे होतं त्याला बिसिनोसिस म्हणतात. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळणं ही त्याची खूणच आहे. सुरुवातीला धुळीपासून लांब गेलं तर माणूस सावरतो. वर्षानुवर्षं तसंच चालू राहिलं तर मग सोमवार-मंगळवार फरक राहत नाही, रोजच दम लागतो, आणि ते परत फिरत नाही.

धरणगावकर, हे तुम्ही फुकटात करू शकता: प्रत्येकाला एकच विचारा, "सुट्टीनंतर पहिल्या दिवशी छाती जास्त भरते का?" हो म्हणेल त्याला ढिगापासून आणि जिनपासून हलवा, गाठी मोजायला वगैरे बसवा, आणि फुंकून बघायची तपासणी करून घ्या. पदर आणि रुमाल मोठी रुई अडवतात, बारीक धूळ सरळ आत जाते. एन-९५ अडवतो, पण आठ तास तो कोण घालणार, मी तरी नाही. म्हणून धूळ उगमाशी ओढून घ्या, सक्शनचे फाटलेले पाइप शिवा. आणि पाळी सुटताना हवेच्या नळीनं अंगावरची रुई उडवायची जी मजा चालते ना, ती आजपासून बंद. एक तर सगळी धूळ परत नाकात, आणि ती हवा कान-डोळ्यात गेली तर वेगळंच प्रकरण.

---

धुळे_कोर्टकचेरी | १० जानेवारी, दुपारी ३.३०

एक जुनी गंमत सांगतो. १९४८ च्या कारखाने कायद्यात कलम २७ होतं. कापूस दाबायच्या कारखान्यात जिथे कॉटन ओपनर (कापूस मोकळा करणारं मशीन) चालू आहे त्या भागात बाई किंवा मूल कामाला ठेवायचं नाही. अपवाद एकच, मधे छतापर्यंत भिंत असेल तर पलीकडे चालेल. म्हणजे कापसाच्या मशीनचा धोका दिल्लीला तेव्हाच कळला होता. कामाच्या सुरक्षेच्या नवीन संहितेत बायकांना सगळीकडे काम करता येतं, रात्री त्यांच्या संमतीनं. चांगलंच आहे. फक्त भिंतीचं काय झालं ते विचारायला पाहिजे.

---

तोरणमाळ_वारा | १० जानेवारी, रात्री ८.००

नंदुरबारचा. आमच्याकडे मिरची. पथारीवर बाया दिवसभर देठ खुडतात. रात्री पोराला जवळ घेता येत नाही, हात एवढे पेटतात. नुसत्या पाण्यानं धुऊ नका, आग पसरते. आधी तेल चोळायचं, पुसायचं, मग साबण. मिरचीची आग तेलात विरघळते, पाण्यात नाही. विषयाला सोडून असेल तर माफ करा.

---

भरीतप्रेमी | ११ जानेवारी, सकाळी १०.२०

विषयाला सोडून नाही भाऊ. मीही जरा सोडतो. अग्निशमनात होतो.

जिनिंगची आग दिसते तशी नसते. वरून पाणी मारलं, धूर थांबला, सगळे घरी गेले, आणि पहाटे परत पेट. कापूस आतून धुमसत राहतो, पाणी वरच्या थरातच अडतं. ढीग फोडून, पसरून, विझवावा लागतो, आणि नंतर रात्रभर माणूस बसवावा लागतो. पेटलेली गाठ विझली असं समजून गोडाऊनमध्ये परत ठेवणारा माणूस मी पाहिलाय. १७० किलोची गाठ, आतला निखारा दुसऱ्या दिवशी बाहेर येतो.

सुरुवात कशानं? कापसातला खडा किंवा खिळा मशीनवर आपटला, ठिणगी. ट्रॅक्टरचा सायलेन्सर. ढिगावरून गेलेली विजेची तार. आणि बिडी. लोखंड पकडायला वाटेत लोहचुंबक लावा. लाल बादल्यांत वाळू आहे की गुटख्याच्या पिचकाऱ्या, ते बघा.

३१ ऑगस्ट २०१९ ला शिरपूरजवळ वाघाडीला रासायनिक कारखान्यात स्फोट झाला, डझनभर माणसं गेली. महिनाभर सगळीकडे तपासण्या, बैठका, फोटो. दोन बोटं गेली की बैठक होत नाही. पण बोटं रोज कुठे ना कुठे जातात.

---

केळीबाग | ११ जानेवारी, दुपारी १.००

रावेर. जानेवारीत वाचताय म्हणून उन्हाचं कोणी काढलं नाही. मे महिन्यात ४५ च्या पुढे जातं तेव्हा केळीच्या गाड्या भरणारे पोरं खिशात कांदा ठेवतात. कांद्यानं ऊन लागायचं थांबत नाही, मी दोन पोरं कांद्यासकट दवाखान्यात नेली आहेत. आम्ही आता कापणी पहाटे पाचला धरतो आणि अकराला बंद. नवीन पोराला पहिल्या आठवड्यात अर्धंच काम. घाम थांबला, बडबड वेडीवाकडी झाली की सावली, अंगावर पाणी, वारा, आणि गाडी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही.

---

डाळमिलवाला | ११ जानेवारी, दुपारी २.१५

सगळं पटलं. पण लोको काका, थांबा-बटण प्रत्येकाच्या हाताशी दिलं तर दिवसाला पन्नास वेळा दाबतील. चहा प्यायचा म्हणून दाबतील. भाव रोज पडतोय, वीज बिल वेगळं. कोण सोसणार?

---

भुसावळ_लोको | ११ जानेवारी, संध्याकाळी ६.४०

दाबू द्या. पहिला आठवडा दाबतील. प्रत्येक वेळी वहीत एक ओळ: वेळ, जिन नंबर, कशासाठी. नाव लिहायचं नाही. पंधरा दिवसांनी वही वाचा. सात नंबरच पन्नासपैकी तीस वेळा बंद पडली असेल तर दोष पोराचा नाही, सात नंबरच्या रोलरला खाचा मारायची वेळ झाली आहे. तुमचं वीज बिल तिथे जातंय.

---

धरणगावकडचा | ५ मार्च, रात्री १०.५०

माफ करा, हंगामात वेळ मिळाला नाही. काय झालं ते सांगतो.

रिपोर्ट वकील साहेबांनी सांगितला तसा लिहिला. स्टार्टरचं अंतर मोजून लिहिलं, ४२ फूट निघालं. शेठ दोन दिवस बोलले नाहीत. मग त्यांच्या सीएनं पण तेच सांगितलं आणि ते गप्प झाले. पोराला एक लाख दिलेत, बाकीचं "बघू" आहे. तो गावी गेलाय. मी धुळ्याच्या साहेबांचा नंबर त्याच्या भावाला दिलाय, हे शेठना माहीत नाही. इथे ते वाचत नाहीत.

थांबा-बटणं चोवीसपैकी आठ जिनला लागली. बाकी पुढच्या हंगामात, असं म्हणाले आहेत. कुलपं मी स्वतः आणली, दहा. वही पण केली. काकांचा अंदाज चुकला, सात नंबर नाही, अकरा आणि बारा. दोन्ही ऑटो फीडरच्या (जिनला आपोआप कापूस पुरवणाऱ्या यंत्रणेच्या) टोकाला आहेत, तिथे ओला कापूस साचतो. कापूस उन्हात पसरायला आवारात जागा मोकळी करून घेतली, निम्मं तुंबणं कमी झालं. दोन बायांनी "सोमवारी छाती भरते" असं सांगितलं. एकीला सरकीच्या काट्यावर बसवलं. दुसरी तयार नाही, तिथे रोज पन्नास रुपये कमी पडतात म्हणते. तिचं काय करावं सुचत नाही.

काल ४ मार्च, सुरक्षा दिन. शेठनी बॅनर लावला, सगळ्यांना शपथ दिली, फोटो झाला, पेढे वाटले. मग अकराच्या सुमाराला बारा नंबर बंद झाली. एका मावशीनं बटण दाबलं होतं, पहिल्यांदाच. पट्ट्याजवळ कोणाची तरी ओढणी लोंबत होती. शेठ तिथेच, पेढ्याचा बॉक्स हातात. विचारलं, "कोणी बंद केली?" मावशी म्हणाली, "मीनी," म्हणजे मीच. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी वही काढून लिहायला लागलो, दुसरं काही सुचलंच नाही. शेठ दोन मिनिटं उभे राहिले आणि ऑफिसात गेले. सहा मिनिटं बंद होती.

फिटर अजून कुलूप लावत नाही. बाकी लावतात.

एक विचारायचं होतं. दहापैकी तीन कुलपं आत्ताच रुई जाऊन अडकायला लागली आहेत. कोणती घ्यावीत?

---

भुसावळ_लोको | ६ मार्च, सकाळी ६.१०

पितळी घ्या, भोकावर सरकतं झाकण असलेली. तेल घालू नका, तेलाला रुई चिकटते. पेन्सिलचं शिसं घासून भुकटी टाका. फिटरला कुलूप देताना त्याच्या हातात किल्ली एकच द्या आणि सांगा, दुसरी नाहीच. त्याला ते आवडेल.

---

डाळमिलवाला | ६ मार्च, सकाळी ९.३०

त्या वहीचा रकाना कसा आखला आहे, फोटो टाकाल का?